आधी ‘१९८४’ की ‘फॅरनहाइट ४५१’?

लातूरहून भाच्यानं विचारलं, “मामा, आधी कोणतं वाचू?”

ऑरवेलचं ‘१९८४’ (१९४९) जाडजूड, मध्ये दमवतं. ब्रॅडबरीचं ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) पातळ. लातूर-संभाजीनगर एसटीत निम्म्याच्या वर होतं. तिकडं ऑरवेलचा नायक विन्स्टन जुनी वर्तमानपत्रं बदलून लिहितो, इकडं ब्रॅडबरीचा माँटॅग पुस्तकंच जाळतो, तेही अग्निशामक दलात राहून! पण जाळण्याआधी लोकांनीच वाचणं सोडलेलं असतं, हे मला जास्त झोंबलं. शेवटी माणसं पुस्तकं पाठ करून जपतात. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, हरिपाठ मात्र अख्खा तोंडपाठ. ते पान वाचताना तीच दिसली, चुलीपुढं पुटपुटणारी.

सत्ता खोटं कसं पचवायला लावते ते बघायचं तर ऑरवेल. हातातला मोबाइल सुटत नसेल तर ब्रॅडबरी. तू, बाबा, दुसऱ्यातला.