हॉलमधला विजेचा आकडा : पाच महिन्यांच्या वापरानंतर

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी मार्चपासून विजेचा चालू वापर दाखवणारे एक उपकरण बसवले आहे. मेन स्विचपाशी फेजच्या वायरीभोवती चिमटा अडकवायचा आणि हॉलच्या भिंतीवर छोटा पडदा लावायचा, एवढीच त्याची मांडणी. किंमत ३,६०० रुपये.

पहिल्याच रात्री मुद्दाम दिवे-पंखे बंद करून पाहिले, तर फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबलेला असतानाही पडद्यावर ३१ वॅट दिसत होते. सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढताच आकडा १९ वर आला. बारा वॅट क्षुल्लक वाटतात, पण दिवसरात्र चालले तर महिन्याला साडेआठ युनिट होतात. नळाला पाणी येते त्या दिवशी टाकीची मोटर बंद करायला विसरणे हा आमच्या घरचा जुनाच प्रकार, आता आकडा हजाराच्या घरात अडकून राहिला की आई जप थांबवून हाक मारते, "आकडा उतरंना, मोटर बघ की!"

घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्प्याने चढतो. उपकरणाचे ॲप ३०० जवळ आले की इशारा देते, आणि मला सर्वाधिक उपयोग याचाच झाला. २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतात, त्यामुळे आम्हीही तो आकडा कधी हलवत नव्हतो. एप्रिलमधल्या इशाऱ्यानंतर तो २७ वर गेला आणि जोडीला पंखा लागला. त्या महिन्याचे बिल ३४२ वरून २८८ युनिटांवर आले, अर्थात गेल्या एप्रिलमध्ये बहीण मुलांसह पंधरा दिवस मुक्कामाला होती, हेही हिशेबात धरले पाहिजे.

'तुमच्यासारख्या घरांपेक्षा तुमचा वापर कमी आहे' हा संदेश मात्र अंगाशी आला, कारण तो वाचून मुलाने भर दुपारी एसी लावला. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस येथील प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, नेमके हेच दिसले होते. तिथे शेजाऱ्यांच्या सरासरीसोबत हसरा चेहरा छापल्यावर कमी वापरणाऱ्यांचा वापर वाढायचा थांबला. या ॲपमध्ये तशी सोय नाही, म्हणून मी ती तुलनाच बंद केली.

दुसरा दोष मोजमापाचा आहे. चिमटा केवळ प्रवाह मोजतो, पॉवर फॅक्टर (त्या प्रवाहातला किती हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो ते प्रमाण) धरत नाही, त्यामुळे मोटरचे आकडे फुगतात. सेट-टॉप बॉक्सचे ते बारा वॅटही प्रत्यक्षात थोडे कमीच असतील. ॲप मराठीत नसल्याने इशारे आईला वाचून दाखवावे लागतात. ज्यांचा वापर मुळातच शंभर युनिटांच्या आत आहे, त्यांची किंमत वसूल व्हायला वर्षे लागतील, तेव्हा त्यांनी हे घेऊ नये.