अशोकमामा की लक्ष्या: विनोदी नट म्हणून सरस कोण?

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) कितव्यांदा पाहतोय, याचा हिशेब मी केव्हाच सोडलाय. पण दर वेळी नजर धनंजय मानेवरच, म्हणजे अशोकमामांवरच जाते. पार्वती झालेला लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे) पदर सावरत अख्खा पडदा व्यापतो, हशा तोच वसूल करतो. पण शेजारी उभे असलेले अशोक सराफ नुसता चेहरा बदलून थाप कशी पचवतात, ते बघा. हशा पिकायच्या आधीचा तो अर्धा क्षण म्हणजे मामांची खरी कमाई.

वाटा वेगळ्या होत्या. मामा बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं करायचे. 'पांडू हवालदार'मध्ये (१९७५) दादा कोंडकेंसमोर उभे राहिले आणि टिकले. लक्ष्मीकांत बेर्डे 'टुरटुर' नाटकातून उसळी मारून 'धूमधडाका'त (१९८५) आला. त्याची ऊर्जा अफाट. 'झपाटलेला'त एका बाहुल्यासमोर घाबरायचं, आणि प्रेक्षकाला ते खरं वाटायला लावायचं, हे सोपं नव्हे.

लक्ष्याच्या बाजूने एकच पुरावा मला गप्प करतो: जब्बार पटेलांचा 'एक होता विदूषक' (१९९२). असं काम त्याला आणखी मिळायला हवं होतं. २००४ मध्ये, पन्नाशीतच तो गेला.

मामांना वेळ मिळाला. खलनायकी छटा, हिंदीतला 'करण अर्जुन'मधला मुनशी, मग २०२५ मध्ये पद्मश्री (उशिराच, पण असो). म्हणून माझं मत मामांना. दिवस वाईट गेला असेल तर मात्र मी लक्ष्याच लावतो.