वकील सरकारचा, पायपीट संस्थेची : एका विधी साहाय्य कार्यक्रमाविषयी अभिप्राय

वडिलांच्या नावाने आम्ही भावंडे चालवत असलेल्या छोट्या न्यासातून गेली तीन वर्षे एका सामाजिक संस्थेच्या विधी साहाय्य कार्यक्रमाला देणगी दिली जाते. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे संस्थेचे आणि जिल्ह्याचे नाव देत नाही. मात्र अशा कामाला पैसे द्यावेत का, असे परिचितांपैकी अनेक जण विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

गरिबांना सरकारच मोफत वकील देत असताना देणगीची गरज काय, ही पहिली शंका आमच्याच बैठकीत निघाली होती आणि ती रास्त होती. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ साली राज्याने मोफत विधी साहाय्य द्यावे असे सांगणारा अनुच्छेद ३९-अ आला, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला आणि त्यातील कलम १२ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, तसेच कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकिलास पात्र ठरते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही मदत मागता येते. कागदावर उणे काढायला जागा फारशी नाही. पैशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. राज्यांच्या न्यायव्यवस्थांची तुलना करणाऱ्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या २०१९ मधील पहिल्या अहवालानुसार मोफत विधी साहाय्यावर देशात दरडोई वर्षाला ७५ पैसे खर्च होत होते. पुढे ही रक्कम वाढली, तरी ती वकिलाच्या मानधनापलीकडे किती पोहोचणार, हा प्रश्न उरतोच.

आमच्या देणगीतून संस्थेचे दोन समाजकार्यकर्ते काम करतात, एक कारागृहात आणि एक न्यायालयाच्या आवारात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाने १९९० पासून मुंबईत रुजवलेल्या पद्धतीशी ही रचना बरीच मिळतीजुळती आहे. वकील सरकारी विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतला असतो. वकीलपत्रावर सही घेणे, घरच्यांना शोधणे, कागद जमवणे आणि पुढची तारीख सांगणे ही कामे कार्यकर्ते करतात. हे नेमके काय असते ते कळावे म्हणून मी तीन दिवस न्यायालयाच्या व्हरांड्यातील त्यांच्या बाकावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी पाहिलेले प्रकरण परराज्यातून आलेल्या एका गवंड्याचे होते. चोरीच्या गुन्ह्यात त्याला पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊन महिना उलटला होता, तरी तो आतच होता, कारण स्थानिक जामीनदार हवा आणि त्याने ऐपतीचा दाखला आणावा, असा आग्रह होता. योगायोग असा, की सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ज्या मोतीराम खटल्यात दुसऱ्या जिल्ह्याचा जामीनदार म्हणून नाकारणे चुकीचे ठरवले, तो मोतीरामही गवंडीच होता आणि त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सोडण्याचा आदेश झाला होता. निकाल सर्वांना माहीत असतो. त्या दिवशी तो अर्जात लिहून न्यायाधीशांसमोर ठेवायला कोणीतरी उभे राहावे लागते. कार्यकर्तीने गावच्या किराणा दुकानाचा क्रमांक मिळवून भावाला गाठले, शिधापत्रिकेचे छायाचित्र मागवले आणि वकिलाकडून अट शिथिल करण्याचा अर्ज करवून घेतला. नवव्या दिवशी तो सुटला. खर्चाच्या तपशिलात या सगळ्याची नोंद ‘दूरध्वनी व झेरॉक्स’ या शीर्षाखाली झाली.

गरीब बंद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची एक योजना आहे आणि तीत सुरुवातीच्या नियमांनुसार कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती. पण तेथेही जिल्हा समितीपुढे नाव जाईपर्यंत कोणीतरी कागद पुढे सरकवावा लागतो, आणि आमचे पैसे नेमके कागद सरकवणाऱ्या या माणसासाठी जातात.

आता तक्रारी. वार्षिक अहवाल आकड्यांनी फुगलेला असतो: शिबिरे इतकी, ‘लाभार्थी’ इतके. व्याख्यान ऐकून चहा पिऊन गेलेला श्रोता आणि तुरुंगातून सुटलेला गवंडी एकाच रकान्यात मोजले जातात, हे आम्हाला खटकले. सुटकेनंतरचा पाठपुरावा कमकुवत आहे. एक जण दोन तारखा चुकवून वॉरंटवर पुन्हा आत गेला, आणि ते संस्थेला आमच्यानंतर कळले. कार्यकर्ते दोन वर्षांत दोनदा बदलले. मिळणाऱ्या पगारात शहरात भाडे भरून कोण टिकणार? याचा दोष केवळ संस्थेवर टाकता येणार नाही, कारण देणगीदारांना पगारासाठी पैसे देणे आवडत नाही. आम्हीही पहिल्या वर्षी ‘पगार वगळून’ अशी अट घातली होती आणि आज तिची लाज वाटते. कंपन्यांनी सामाजिक दायित्वाचा निधी कशावर खर्च करावा याची यादी देणाऱ्या कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये विधी साहाय्याचा स्वतंत्र उल्लेख नसल्याने तो निधीही स्त्री-सक्षमीकरणासारख्या शीर्षांतून वळणे घेत येतो.

संस्थेऐवजी थेट प्राधिकरणाला देणगी देण्याचा मार्गही कायद्यात आहे. कलम १७ नुसार जिल्हा विधी साहाय्य निधीत कोणीही देणगी देऊ शकतो, पण त्यासाठी राज्य प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. रक्कम मोठी असेल तर त्याचा विचार करावा. आमच्यासारख्या लहान न्यासाला समोर बसून हिशेब विचारता येईल अशी संस्था अधिक सोयीची वाटते. देण्यापूर्वी नोंदणी, लेखापरीक्षण आणि देणगीवरील करसवलतीचे (८०-जी) प्रमाणपत्र पाहावेच, शिवाय एक दिवस न्यायालयाच्या आवारात जाऊन संस्थेच्या माणसाला तिथले शिपाई ओळखतात का, हेही पाहावे. ही कसोटी मला अहवालापेक्षा खात्रीची वाटते.

चौथ्या वर्षाचा धनादेश आम्ही गेल्या महिन्यात दिला. पगाराची अट काढून टाकली, प्रवासाचे शीर्ष दुप्पट केले आणि सुटलेल्या प्रत्येकाच्या पुढील तीन तारखांची नोंद अहवालात असावी, एवढेच लेखी मागितले. संस्थेने होकार दिला आहे. पहिली यादी दिवाळीनंतर यायची आहे.