फ्रीझरची शवपेटी भाड्यानं: एका रात्रीपुरती चांगली सोय

लेक परदेशातून निघालेली असते, उद्यापर्यंत थांबायचं ठरतं, तेव्हा ही पेटी मोठा आधार देते. घरचं माणूस रात्रभर घरातच राहतं, याचं मोल आम्हाला फार वाटतं. पण पेटीनं देहाचा क्षय मंदावतो, थांबत नाही. दीड-दोन दिवसांपुढे थांबायचं असेल तर रुग्णालयाचं शवागारच बरं.

आधी डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या. मृत्यू घरी झाला असेल तर तो नमुना 4अ मध्ये मिळतो. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पेटीआधी पोलिसांना कळवा.

साडेसहा-सात फुटांची पेटी सोसायटीच्या लिफ्टमध्ये सहसा मावत नाही. मजला आणि जिन्याचं वळण फोनवरच सांगा. ती सपाट जागी आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा, नाहीतर कॉम्प्रेसरची गरम हवा कोंडते. सगळ्यात जास्त घोळ विजेचा होतो. बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डावर व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर बंद होतो. आतला दिवा मात्र चालू राहतो, त्यामुळे पहाटेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. 15 अँपिअरचा स्वतंत्र प्लग वापरा आणि काटा 2 ते 4 अंशांवर आहे ना, हे दर तासाला बघा. घरचा इन्व्हर्टर बहुधा हा भार उचलत नाही.

ताब्यात घेतानाच झाकणाच्या रबरी पट्टीत कागदाचा कपटा धरून ओढा. तो सहज निसटला तर पट्टी सैल आहे, दुसरी पेटी मागा. भाडं दिवसाचं की 24 तासांचं, वाहतूक आणि रात्रीची हमाली त्यात धरली आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

पेटी रिकामीच अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या. तेवढ्यात डोळे मिटवा, हनुवटी बांधा, हातपाय सरळ करा. दोन-चार तासांत अंग ताठरायला लागतं. आंघोळ घातली असेल तर अंग अगदी कोरडं पुसा. ओले हार आत नकोत. दर्शन काचेतूनच होऊ द्या: झाकण दर वेळी उघडलं की दमट हवा आत शिरते आणि काच धुरकट होते. समई, उदबत्ती झाकणावर ठेवू नका.

पेसमेकर असेल तर तो डॉक्टरांकडून आधीच काढून घ्या, दाहिनीत त्याचा स्फोट होतो. पार्थिव बाहेर काढल्यावर अंगावर दव धरतं, म्हणून कोरडा पंचा आणि नवे कपडे हाताशी ठेवा.