लाउंज की गेटसमोरची खुर्ची? डोमेस्टिक फ्लाइटवाल्यांसाठी मुंबई, दिल्ली, बंगळुरू, गोवा

माझी बहीण बंगळुरूला असते, त्यामुळे आईबाबांच्या मुंबईहून वर्षाला दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या, आणि मला कामासाठी दिल्ली-हैदराबाद होतंच. दर वेळी घरात तोच विषय निघतो, की एअरपोर्टच्या लाउंजमध्ये, म्हणजे खायची-बसायची सोय असलेल्या वेगळ्या दालनात, बसायचं का बाहेरच काहीतरी खायचं, आणि लाउंजसाठी वर्षाची फी भरून वेगळं क्रेडिट कार्ड ठेवण्यात अर्थ आहे का. गेल्या काही वर्षांत यातलं बरंच बदललंय, म्हणून जे समजलंय ते सविस्तर लिहितोय.

आधी वेळेचं बोलू, कारण माझ्या मते लाउंज घ्यायचं की नाही हे जेवणावर नाही, घड्याळावर ठरतं. समजा सकाळी ९ ची इंडिगो आहे. विमान सुटायच्या २५ मिनिटं आधी गेट बंद होतं, म्हणजे ८:३५. आईबाबा सोबत असतील तर लाउंजमधून ८ ला उठायलाच हवं, कारण गेट कुठल्या टोकाला येईल सांगता येत नाही आणि मध्ये एकदा वॉशरूमला थांबणं होतंच. शांतपणे खायला ४० मिनिटं धरा, दारातल्या रांगेला १५, म्हणजे सिक्युरिटी होऊन ७ च्या सुमाराला लाउंजच्या दारात असायला पाहिजे. हे जमणार असेल तर लाउंज छान, आणि ७:४० ला सिक्युरिटीतून बाहेर पडणार असाल तर सरळ गेटकडे चालायला लागा. एका मोठ्या एअरपोर्टवर आम्ही रांगेत २५ मिनिटं उभे राहिलो, आत बसायला जागा नाही, बाबांनी उभ्या उभ्या इडली खाल्ली आणि गेटपर्यंत अक्षरशः पळत गेलो, त्यांचे गुडघे दुखत असताना. त्या दिवशी गेटसमोर बसलो असतो तर दोघंही आरामात पोचले असते, आणि ते मला अजून टोचतं.

ही गर्दी का होते ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. आपल्याला फुकट वाटतं पण प्रत्येक स्वाइपमागे बँक किंवा कार्ड नेटवर्क लाउंजवाल्याला माणशी पैसे देतं, आपल्या खात्यातून जाते ती किरकोळ रक्कम फक्त कार्ड चालू आहे का हे बघायला. साध्या डेबिट कार्डांवरसुद्धा ही सोय आली आणि जो तो आत जायला लागला, मग बँकांचा खर्च वाढला आणि अटी आल्या. आयसीआयसीआयने एप्रिल २०२४ पासून बऱ्याच कार्डांवर आदल्या तिमाहीत ३५,००० खर्चाची अट घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती ७५,००० केली. एचडीएफसीच्या रेगालिया आणि मिलेनियावर डिसेंबर २०२३ पासून तिमाहीला १ लाख खर्च झाला तरच लाउंज. अॅक्सिसच्या काही कार्डांवर मे २०२४ पासून आधीच्या तीन महिन्यांत ५०,०००. हे आकडे त्या त्या वेळचे आहेत आणि बदलत राहतात, त्यामुळे निघायच्या आठवडाभर आधी अॅपमध्ये तुमच्या कार्डाची आजची अट बघाच. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रीमफोक्सने देशातल्या लाउंजची सेवा बंद केली. बँका आणि लाउंज यांच्या मधला हा मोठा दुवा होता, त्यामुळे बऱ्याच कार्डांची आत जायची पद्धत बदलली, कुठे अजून स्वाइप, कुठे अॅपमधून व्हाउचर नाहीतर क्यूआर. हे व्हाउचर घरीच काढून स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, लाउंजच्या दारात ओटीपीची वाट बघत मागच्या दहा जणांना खोळंबवू नका.

आता पैसे. वर्षाला १,००० फी असलेलं कार्ड जीएसटी धरून १,१८० ला पडतं. चार वेळा वापरलं तर एका वेळेचे २९५, आणि एअरपोर्टवर एक डोसा आणि कॉफी घेतली तरी त्याहून जास्त जातात, म्हणजे एकट्या माणसाला परवडतं. पण तिमाहीला ७५,००० किंवा लाख खर्च करायची अट असेल आणि तुमचा एरवीचा खर्च तेवढा नसेल, तर बुफेच्या उपम्यासाठी नको ती खरेदी करू नका हो. मी एकदा तिमाही संपताना अट भरायला म्हणून घरात गरज नसलेली वस्तू घेतली होती, त्या पैशात वर्षभर एअरपोर्टवर विकत घेऊन खाल्लं असतं. काउंटरवर थेट पैसे भरून जायचं तर माणशी हजाराच्या पुढेच जातं बऱ्याच ठिकाणी, ते मी फक्त फ्लाइट खूप लेट असली आणि सोबत म्हातारं माणूस किंवा लहान बाळ असलं तरच करेन. आणि लेट असण्यावरून आठवलं, अडीच तासांपर्यंतच्या डोमेस्टिक फ्लाइटला दोन तासांच्या वर उशीर झाला आणि तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असेल तर डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमाप्रमाणे एअरलाइनने खायला-प्यायला द्यायचं असतं. काउंटरवर जाऊन मागा, तो तुमचा हक्क आहे.

दोघं जाणार असतील तर आणखी एक गोष्ट बघा. कार्डावर साधारण कार्डधारकालाच आत सोडतात, पाहुण्याचे वेगळे पैसे, आणि बोर्डिंग पासवरचं नाव कार्डाशी जुळावं लागतं, त्यामुळे मुलाचं कार्ड आईच्या हातात देऊन चालत नाही. आमच्याकडे यावर सापडलेला उपाय म्हणजे रुपे प्लॅटिनम डेबिट कार्ड. आईबाबांच्या पेन्शनच्या खात्यांवर दोघांची वेगवेगळी आहेत, तिमाहीला एकेकदा लाउंज, वर्षाला दोन-तीन फेऱ्यांना एवढं पुरतं. तुमच्या आईवडिलांच्या पाकिटातही हे कार्ड असेल आणि त्यांना माहीतच नसेल, बँकेत एकदा विचारून घ्या.

आता शहरं. मुंबईचं टी२ भव्य आहे, २०१४ ला सुरू झालं, खांब मोराच्या पिसाऱ्यासारखे, भिंतींवर जय हे म्युझियमचं काम, आणि टर्मिनलचा आकार इंग्रजी एक्ससारखा असल्यामुळे चालणं भरपूर. शिवाय हे सायलेंट एअरपोर्ट आहे, बोर्डिंगची घोषणा होत नाही, लाउंजमध्ये डुलकी लागली तर कोणी उठवणार नाही, मोबाईलवर अलार्म लावाच. पण बाहेर फूड कोर्टमध्ये पर्याय इतके आहेत की लाउंजची रांग लांब दिसली तर वळून जायला वाईट वाटत नाही. टी१ वेगळ्या ठिकाणी आहे, आतून जाता येत नाही, आणि इंडिगो दोन्हीकडून उडते, त्यामुळे आधी टर्मिनल बघा आणि मग लाउंजचा विचार करा. आता तर नवी मुंबईहूनही २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागलीत, तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) हेही वाचावं लागतं.

बंगळुरूचं टी२ मला सगळ्यात आवडतं, बांबूचं छत, वरून लोंबणाऱ्या वेली, आणि इथल्या लाउंजचं नावच ०८०, शहराचा एसटीडी कोड. वेळ हाताशी असेल तर इथे मुद्दाम तासभर आधी जावं असं मी सांगेन, आईला तर झाडं बघूनच बरं वाटतं. पण एअर इंडियावाले टी२ वरून आणि इंडिगोची डोमेस्टिक विमानं टी१ वरून, त्यामुळे इंडिगोचं तिकीट काढून टी२ च्या लाउंजची स्वप्नं बघू नका. टी१ लाही ०८० आहे, पण ती बाग नाही. बहिणीकडे जाताना भाड्यात दोन-तीनशेचाच फरक असेल तर आम्ही आता परतीचं तिकीट टी२ वालं बघतो.

दिल्लीला टी३ म्हणजे चालण्याची परीक्षा, डोमेस्टिकलासुद्धा लांबच्या गेटला पंधरा मिनिटं सहज लागतात. इथे एनकाम नावाच्या कंपनीची लाउंज आहेत, २०२२ पर्यंत प्लाझा प्रीमियमची होती. माझ्यासारखी संध्याकाळी काम संपवून परतणारी माणसं इथे खूप, त्यामुळे त्या वेळी दारात रांग असते, आणि दिवसभर मीटिंगा झाल्यावर पोट भरून विमानात झोपायचं असेल तरच मी त्या रांगेत थांबतो. आईबाबांसाठी मात्र दिल्लीला मी लाउंजपेक्षा व्हीलचेअर आधी सांगतो, ती तिकीट काढतानाच मागता येते आणि थेट गेटपर्यंत नेतात. हैदराबादलाही एनकामच, आणि एकच टर्मिनल असल्यामुळे कुठून उडायचं हा गोंधळच नाही.

गोव्याचं गणित वेगळं. मोपा ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, तिथेही एनकाम आहे. पण दाबोळी घ्यायचं की मोपा हे लाउंजवर ठरवू नका, राहायला कुठे आहात त्यावर ठरवा, मडगाव-काणकोणकडचे असाल तर दाबोळी, पेडणे-म्हापशाकडचे असाल तर मोपा, नाहीतर लाउंजमध्ये वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट टॅक्सीला जातील. पुण्याला नवीन टर्मिनल जुलै २०२४ पासून चालू झालं आणि ते मुंबईइतकं पसरलेलं नाही, लोहगावला मी गेटजवळच बसतो, कारण आपला वेळ तिथे आत नाही तर बाहेर रस्त्यावरच जातो.

आणि हो, घरचा डबा. डोमेस्टिकला पोळी-भाजी, थालीपीठ, दशम्या सिक्युरिटीतून नेता येतात, पातळ काही नको म्हणजे झालं. आईला शुगर आहे, तिला ठराविक वेळेला ठराविक खायला लागतं, लाउंजच्या बुफेत बटाटा आणि मैदा जास्त, म्हणून लाउंजमध्ये गेली तरी ती डब्यातलंच खाते आणि वर फक्त चहा घेते. ज्यांना चहा-समोसाच हवाय त्यांच्यासाठी सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला उडान यात्री कॅफे सुरू केला, चहा १० रुपये, समोसा २०, नंतर चेन्नईलाही आला. असा कॅफे जिथे असेल तिथे लाउंजची रांग बघायचीही गरज नाही.

मग आम्ही काय ठरवलं, तर माझं फीवालं कार्ड या वर्षी बंद करतोय, कारण ती खर्चाची अट मला चारपैकी एकाच तिमाहीत जमली. आईबाबांची रुपे कार्डं आहेतच. पुढच्या महिन्यात ते बंगळुरूला जातायत, जाताना मुंबईहून सकाळचं विमान आहे त्यामुळे डबा आणि गेटजवळची खुर्ची, आणि येताना दुपारचं टी२ वरून, तेव्हा दोघंही ०८० मध्ये निवांत बसतील. आईची शाल मी तिच्या हँडबॅगेत वरच ठेवणार आहे, आत एसी फार गार असतो.