एकच चिप दोनदा विकत घेतली

गेल्या वर्षी एक जुना कॉम्प्युटर घेताना मी फसलो. कुरिअर धरून 30,400 रुपये गेले. आकडा ऐकल्यावर बायको म्हणाली, "एवढ्यात एक बरा लॅपटॉप आला असता." हिशोब तिचा बरोबरच आहे, पण या छंदात हिशोब बरोबर असणाऱ्यांना प्रवेशच नसतो. माझ्यासारखे आणखी काही लोक जुनी मशिनं शोधत फिरतात हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि त्यात माझा गाढवपणा कुठेकुठे होता तेही लपवत नाही.

मशीन होतं बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरतेच्या उपक्रमासाठी बनवलेलं, 1981च्या डिसेंबरात बाजारात आलेलं. 6502 प्रोसेसर, 2 मेगाहर्ट्झचा वेग, 32 के मेमरी. आपल्याकडे ते 1984-85 मध्ये 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून शाळांमध्ये पोचलं. त्याची भारतीय आवृत्ती मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने 'युनिकॉर्न' नावाने काढली होती. माझ्या शाळेत त्या वेळी मुलांना प्यायच्या पाण्याला एक नळ होता, पण कॉम्प्युटरच्या खोलीला एसी होता. चपला बाहेर, पाय पुसून आत, एका कीबोर्डापुढे चौघं. बाकीच्या तिघांचे हात मागे. मला वर्षभरात एकूण किती मिनिटं कीबोर्ड मिळाला असेल ते मोजता येईल. त्या मिनिटांत मी माझं नाव पडदाभर छापायचा दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला होता आणि नाव वर वर सरकत जाताना थांबवायचं कसं तेच कळेना. सरांनी मागून हात घालून एस्केप दाबलं. ती लाल फंक्शन बटणांची रांग तेव्हापासून डोक्यात आहे.

पन्नाशीला आल्यावर लोक ट्रेकिंग सुरू करतात, मी हे सुरू केलं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार चकरा मारल्या. हाती लागले ते पिवळे पडलेले साधे पीसीचे कीबोर्ड आणि एक टेपरेकॉर्डर. मग जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. उत्तरेकडच्या एका शहरातला विक्रेता, शाळेच्या भंगाराच्या लिलावातून घेतलेला माल, मॉडेल बी, "चालू हालत में". भाव 24,000.

मी अगदीच भोळा नव्हतो, हे आधी सांगतो. मी व्हिडिओ मागितला. त्याने पाठवला, आणि तो खरा होता. मागचं बटण दाबलं, आधी जाड आवाज, मग बारीक 'बीप', आणि टीव्हीवर 'बीबीसी कॉम्प्युटर 32के', त्याखाली 'बेसिक'. आवाज ऐकूनच माझा अर्धा व्यवहार झाला होता. तरी मी म्हटलं, झाकण उघडून आतला फोटो पाठवा. तोही आला. बोर्ड स्वच्छ, गंज नाही. "एकदम चालू पीस है सर जी, आप जैसे कदरदान को ही देना है." कदरदान म्हटलं की माणूस घासाघीस विसरतो. निम्मे पैसे आधी, निम्मे कुरिअरची पावती आल्यावर. यूपीआयने दिले. कुरिअरचे 900 वेगळे.

खोकं आलं. ते फोडतानाचं शूटिंग मी केलं. हे हल्ली सगळेच सांगतात, म्हणून केलं. मशीन बाहेर काढलं, चारी बाजूंनी दाखवलं, बटणं दाबून दाखवली आणि शूटिंग थांबवलं. झाकण उघडलंच नाही. इथे मी फसलो. विकत घेताना नाही, इथे.

कारण बीबीसी मायक्रोचे बरेचसे महत्त्वाचे आयसी, म्हणजे चिप, सॉकेटच्या खाचांत नुसते खोचून बसवलेले असतात. सोल्डर नाही, डाग नाही. झाकणाचे चार स्क्रू काढायचे (त्यांच्याजवळ 'फिक्स' असं छापलेलंच असतं), चिमट्याने आयसी उचलायचे, दुसरं काहीतरी त्याच जागी खुपसायचं. दहा मिनिटांचं काम. म्हणजे चालू मशीनचा व्हिडिओ शंभर टक्के खरा असू शकतो आणि तरी खोक्यात येतं ते मशीन मेलेलं असू शकतं. लोक सांगतात व्हिडिओ कॉलवर चालू करून दाखवायला सांगा. सांगा की! त्याने काहीही सिद्ध होत नाही.

मी मशीनला लगेच वीज दिली नाही. एवढी अक्कल होती. या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये जुने कागदी कपॅसिटर असतात, पारदर्शक पिवळट आवरणाचे. चाळीस वर्षांत आवरणाला बारीक चिरा जातात, आत दमटपणा शिरतो आणि वीज दिली की काही मिनिटांत ते फुटतात. सगळ्या घरात उग्र धूर. म्हणून आधी तपकीर गल्लीतून नवे कपॅसिटर आणले आणि दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, झाकण उघडून ते बदलायला बसलो. बोर्ड तेव्हा माझ्यासमोर पूर्ण उघडा होता. सगळे सॉकेट भरलेले. कीबोर्डाखालच्या भागात धूळ सारखी पसरलेली, पण मधल्या दोन आयसींच्या भोवती बोटं फिरल्यासारखी जागा साफ होती. मला वाटलं, बिचाऱ्याने विकायच्या आधी पुसलं असेल.

आणखी एक दिसलं होतं. विक्रेत्याच्या फोटोत व्हिडिओ युएलए नावाच्या, पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या चिपवर काळं हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) चिकटवलेलं होतं. माझ्यासमोरच्या चिपवर नव्हतं, नुसतं कागदी लेबल होतं. नंतरच्या बोर्डांत ही चिप कमी तापते आणि हीटसिंक नसतं, हे मी वाचलेलं होतं. फोटो पुन्हा उघडून बघायचं सुचलं नाही, वाचलेलं आठवलं. मला यातलं काही कळत नसतं तर मी "अरे, फोटोत होतं ते काळं कुठे गेलं?" असं सरळ विचारलं असतं.

वीज दिली. जाड आवाज सुरू झाला, बूऽऽऽ, आणि थांबेचना. पडदा कोरा. या मशीनची तऱ्हा अशी की चालू होताना ध्वनीची चिप आपोआप ओरडायला लागते आणि प्रोसेसर जागा झाला की तो तिला गप्प करून बारीक 'बीप' देतो. आवाज चालूच राहिला, म्हणजे प्रोसेसर उठलाच नाही.

आमच्या गल्लीत टीव्ही दुरुस्तीवाले काका आहेत. दुकान आता मोबाइलच्या कव्हरांवर चालतं, पण विजेचे चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारा ऑसिलोस्कोप ठेवलाय. मशीन त्यांच्याकडे नेलं. पाच व्होल्ट व्यवस्थित होते. प्रोसेसरच्या 37 नंबरच्या पायावर घड्याळाचे ठोके यायला हवेत, तिथे सपाट रेघ. हे ठोके येतात कुठून? व्हिडिओ युएलएमधून. तीच चिप 16 मेगाहर्ट्झ भागून प्रोसेसरला 2 मेगाहर्ट्झ देते. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या आयसीवरचं लेबल नखाने उचकटलं. खाली काचेची गोल खिडकी.

"अहो, हा तर ईप्रॉम आहे, मेमरीची चिप," काका म्हणाले. "अठ्ठावीस पायांचा. ह्याचे पाय बसतात म्हणून घातलाय."

शेजारची दुसरी चिप, पडद्यावर अक्षरं काढणारी टेलिटेक्स्टची एसएए 5050, तिचाही तोच प्रकार. तिलाही पाय अठ्ठावीसच. मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिलो. काकांनी चहा सांगितला.

विक्रेत्याला फोन केला. तो शांत होता. म्हणाला, मैंने तो चालू हालत में भेजा, वीडियो है मेरे पास, आपने ही चिप बदली होगी. माझ्याकडे उत्तर नव्हतं. शूटिंगमध्ये झाकण बंद, नंतरचे दोन दिवस मशीन माझ्या ताब्यात, आणि चालू मशीनचा पुरावा त्याच्याकडे. वकिलाने रचलं असतं तर यापेक्षा चांगलं जमलं नसतं. संध्याकाळपर्यंत मी ब्लॉक झालो होतो.

म्हणून, असलं काही घेणार असाल तर पैसे देण्याआधी बोर्डाचा असा फोटो मागा की प्रत्येक आयसीवरचे आकडे वाचता येतील, आणि त्याच फोटोत तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होऊन येतो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. खोकं आल्यावर शूटिंग न थांबवता झाकण उघडा आणि तो फोटो शेजारी धरून एकेक चिप ताडून बघा. चिपवर लेबल असेल तर उचकटा. विक्रेता कुरकुरला तर मशीन त्यालाच लखलाभ.

माझी गोष्ट मात्र इथे संपली नाही. माझा खरा मूर्खपणा पुढेच आहे.

व्हिडिओ युएलए ही एकॉर्नसाठी खास बनवलेली चिप. फेरांटी कंपनीने ती बनवायची कधीच थांबवली. तिच्या जागी बसणारे नवे पर्यायी बोर्ड छांदिष्ट लोक बनवतात, ते परदेशातून मागवता आले असते. पण मला अस्सलच हवी होती. दोन आठवडे रोज रात्री शोधत होतो. आणि एका रात्री, त्याच ॲपवर, वेगळ्या नावाच्या खात्यावर दिसली: "बीबीसी कॉम्प्युटर की व्हिडिओ चिप, टेस्टेड, एक ही पीस." 5,500 रुपये.

भारतात ही चिप सुटी विकणारे किती असणार? आणि माझी चोरीला गेल्यावर दोनच आठवड्यांनी? आज लिहिताना हे इतकं उघड दिसतंय की लाज वाटते. त्या रात्री मला फक्त 'एक ही पीस' दिसत होतं. दुसऱ्या कुणी उचलली तर, या भीतीने सकाळ व्हायच्या आत पैसे पाठवले.

चिप आली ती थर्माकोलच्या तुकड्यात पाय खुपसून. स्थिर विजेला घाबरणाऱ्या आयसीसाठी याहून वाईट गादी नसेल. हीटसिंक होतं, थोडं सैल झालेलं. भिंगाखाली धरली. हीटसिंक आणि चिपच्या मधल्या फटीत, एका कोपऱ्यात, लाल काहीतरी अडकलं होतं. सुई लावली तर कडक. नेलपॉलिश. कुणा जुन्या मेकॅनिकने खूण म्हणून ठिपका दिला असणार. वरचा पुसलाय, फटीतला राहिलाय.

मोबाइल काढला. पहिल्या विक्रेत्याचा आतला फोटो उघडला, मोठा केला. काळं हीटसिंक, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका.

मी माळ्यावरून पहिलं खोकं खाली काढलं. दोन्ही खोक्यांवरचे पत्ते शेजारी शेजारी ठेवले. तेच तिरकं अक्षर, आणि दोन्हीकडे 'महाराष्ट्र'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला दुसरा एच गाळलेला. बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिने दोन्ही पत्ते वाचले आणि म्हणाली, "म्हणजे तू आपलीच वस्तू परत विकत घेतलीस?" मी हो म्हणालो. ती आत गेली. हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, ऑनलाइन तक्रारही नोंदवली, क्रमांक मिळाला. पैसे नुकतेच गेले असतील तेव्हा तो नंबर लावण्यात अर्थ असतो, वाटेत अडवता येतात. माझे पहिले जाऊन महिना होत आला होता. शिवाय "आयसी बदलला" हे तक्रारीत लिहायचं कसं? 'वस्तू मिळाली का' याचं उत्तर हो होतं. 'वस्तू वर्णनाप्रमाणे आहे का' याचं उत्तर द्यायला मला पाऊण पान लागलं. दोन्ही फोटो, दोन्ही पत्ते, दोन्ही यूपीआय पावत्या जोडल्या. पावतीवर ज्याचं खातं त्याचं बँकेतलं नाव येतं. दोन नावं वेगळी होती, आडनाव एकच. तेही मी पैसे पाठवताना वाचलं नव्हतं.

चिप बसवली. खरं तर बसवू नये असं वाटत होतं, पण पैसे देऊन झाले होते. बटण दाबलं. बूऽऽ, आणि मग बारीक, स्वच्छ बीप. थर्माकोलमधून येऊनही जिवंत! पडदा मात्र काळाच. चालू झाल्यावरची अक्षरं टेलिटेक्स्टच्या चिपमधून येतात आणि ती अजून नाही. पण काकांना मी शाळेत शिकलेलं एक सांगितलं: हे मशीन वेगवेगळ्या 'मोड'मध्ये चालतं, आणि सगळ्यांना ती चिप लागत नाही. काळ्या पडद्याकडे बघत, न दिसता, एम-ओ-डी-ई-चार टाइप केलं आणि रिटर्न दाबलं. वरच्या कोपऱ्यात बाणासारखी खूण उमटली आणि तिच्याशेजारी कर्सर लुकलुकायला लागला. काका म्हणाले, "आयला."

आता रोज तसंच चालू करतो. दोन आवाज, काळा पडदा, आंधळेपणाने सहा बटणं.

परवा त्या ॲपवर तिसरं एक खातं दिसलं. एसएए 5050, टेस्टेड, एक ही पीस, 4,000. फोटोत चिपच्या खाली थर्माकोल आहे. मी स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडलाय. त्याआधी "भाव थोडा कम होगा क्या" असं टाइप करून पुसलंही होतं.