कॅमेरा आयपी ६७, जोड मात्र उघडा: कोकणातल्या पावसाळ्यानंतर सेल्फ-फ्यूजिंग टेप, ग्रीस आणि खोक्यातली ती फुकटची कॅप

घराबाहेरचा सीसीटीव्ही कॅमेरा बंद पडला, तेव्हा सर्व्हिस सेंटरवाल्याने बिल हातात न घेताच निकाल दिला, "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." खोक्यावर ठळक आयपी ६७ छापलेलं. म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी बिघडणार नाही. अशी वस्तू साध्या पागोळीखाली मान कशी टाकते, एवढंच मी विचारत होतो. त्यांचं म्हणणं, ते रेटिंग कॅमेऱ्याच्या डब्याचं. मागून लोंबणाऱ्या वायरीच्या टोकाचं नाही. नियमाने ते बरोबर असेलही, पण हे खोक्यावर का छापत नाहीत? नवा कॅमेरा घ्या, हाच त्यांचा सल्ला. मी घेतला नाही.

घर गुहागरला, समुद्र हाकेच्या अंतरावर. आई-बाबा तिकडे, आम्ही पुण्यात. त्यामुळे कॅमेरा बंद पडला की जीव टांगणीला लागतो.

आधी जुना जोड, म्हणजे कॅमेऱ्याची वायर आणि घरातून आलेली केबल जिथे जुळतात ती जागा, उघडून पाहिला. लॅनच्या (नेटवर्क केबलच्या) प्लगमधल्या आठ पिनांपैकी सहा अगदी पिवळ्याधमक. मधल्या दोन, निळ्या जोडीच्या, हिरव्या भुकटीने भरलेल्या, आणि त्यातली एक टोकाला खाऊन सुईसारखी झालेली. याच दोन का? आमच्या नेटवर्क स्विचमधून याच वायरीतून कॅमेऱ्याला वीज जाते: ४८ व्होल्ट डीसी, आणि ४ व ५ नंबरच्या पिना पॉझिटिव्ह. ओल, मीठ आणि डीसी एकत्र आले की पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळत जातं. त्यातून समुद्राकाठची हवा. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरतं, आणि कोकणात पावसाळाभर हवा बहुधा त्याच्या वरच असते. थेंब आत जायचीही गरज नसते. उन्हाळाभर बसलेली खारी तांबडी धूळ पुरते. म्हणून छपराखालचे जोडही सडतात. "तिथे पाऊस लागत नाही" या समजुतीवर कोणी विसंबू नये.

आगोटीच्या कामांतच हेही उरकलं. फाटकावरच्या कॅमेऱ्याचा जोड नुसत्या सेल्फ-फ्यूजिंग रबर टेपने बांधला. मागच्या पडवीवरच्याला खोक्यातली कॅप (जोडावर फिरवून बसवायचं प्लॅस्टिकचं झाकण) आणि पिनांवर सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणारं, ग्रीस. विहिरीकडच्याला दोन्ही.

या टेपला गोंद नसतो. ताणून गुंडाळली की ती स्वतःलाच चिकटते आणि काही तासांत एकसंध रबर होते. दुपटीच्या आसपास ताणायची, प्रत्येक वेढा मागच्यावर निम्मा चढवायचा, आणि सुरुवात खालून. कौलं शाकारतात तशी वरची कड खालच्यावर आली पाहिजे, म्हणजे ओघळ आत शिरत नाही. वरून साध्या पीव्हीसी टेपचा एक थर, कारण काळं रबर उन्हात तडकतं. नुसत्या पीव्हीसी टेपवर मात्र भरवसा नको. एप्रिलच्या उन्हात तिचा गोंद पातळ होतो, टेप सरकते, आणि पावसाचं पाणी त्याच सुरकुतीत साचून राहतं.

जुलै-ऑगस्टभर तिन्ही कॅमेरे चालू राहिले. तेव्हा लिहिलं असतं तर टेपला पैकीच्या पैकी दिले असते आणि कॅपचा उल्लेखही केला नसता. पाच प्लॅस्टिकचे तुकडे, एक रबरी रिंग, वजन काहीच नाही. असल्या फुकटच्या वस्तूवर माझा विश्वास नव्हता.

ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर तिन्ही जोड उघडले आणि मत फिरलं.

फाटकावरची टेप सुरीने चिरावी लागली, दुसरा मार्गच नाही. आत पिनांवर हिरवटपणाची सुरुवात झालेली. पाणी टेपमधून आलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या शेपटीला लॅन आणि १२ व्होल्टची पिन अशा दोन वायरी फुटतात, त्यांच्या बेचक्यात टेप कितीही ताणा, बारीक फट राहतेच. तिथे आधी काळ्या मऊ ब्यूटाइल मॅस्टिकचा (फटी बुजवायच्या चिकट लांबीचा) गोळा दाबून मग टेप चढवायला हवी. आता तसंच बांधलंय. न वापरलेली १२ व्होल्टची पिनही झाकावी. ती उघडी लोंबत असेल तर ओल तिथूनही चढते.

पडवीवरची कॅप हाताने फिरवून सुटली. आत कोरडं. पिना नव्यासारख्या. विहिरीकडेही तसंच, फक्त वरची टेप सोडवण्यात वेळ गेला. म्हणजे कॅप असताना टेपने वेगळं काही दिलं नाही.

आता माझा खरा राग. ही कॅप बहुतेक कॅमेऱ्यांच्या खोक्यात असते, आणि बसवणारे ती खोक्यासकट फेकतात. कारण एकच: प्लग क्रिम्प करण्याआधी, म्हणजे केबलच्या टोकावर दाबून बसवण्याआधी, तिचे तुकडे केबलवर ओवावे लागतात. नट, मग रबर, मग नळी. क्रिम्प झाल्यावर आठवली तर प्लग कापून पुन्हा करायचा. ते दोन मिनिटं वाचवतात, आणि गिऱ्हाईक दर जूनमध्ये कॅमेऱ्याच्या नावाने खडे फोडतो. आमच्याकडेही कॅपा माळ्यावरच्या खोक्यात सीलबंद पिशवीत सापडल्या. बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी त्या पिशव्या रिकाम्या आहेत का ते बघा. केबल मात्र गोल हवी. चपट्या केबलवर आतलं रबर घट्ट बसत नाही.

ग्रीसबद्दल लोक विचारतात, ते विजेला अडवतं ना, मग संपर्क कसा होणार? पिनांचा दाब ते बाजूला सारतो, उरलेली जागा ग्रीस भरून काढतं, आणि ओलीला जागा उरत नाही. पण पातळ थर पुरे, आणि सिलिकॉन रबराच्या रिंगला ते लावू नका, रबर फुगतं. पेट्रोलियम जेली स्वस्त खरी, पण तापल्या पत्र्याखाली ती वितळून ओघळते.

आणि ते हार्डवेअरच्या दुकानातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जोडात कधीच भरू नका. सुकताना त्यातून अॅसिटिक अॅसिड सुटतं आणि तांब्याला खातं. बाहेरून जोड बंद दिसतो आणि आतून सडत असतो. भरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे सुकताना ते अॅसिड न सोडणारं, मागा.

जोडाचं तोंड खाली ठेवा, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून जाईल. भर उन्हात तापलेल्या जोडावर वळवाची सर आली की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढून घेते. तोंड वर असेल तर चांगली रिंगसुद्धा हरते.

टेपचा एक रोल आणि ग्रीसची ट्यूब मिळून नव्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळपासही जात नाहीत, आणि दोन्ही अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. ग्रीस पुन्हा घेणार. टेप फक्त अशा जोडांसाठी, ज्यांना कॅप बसतच नाही: अँटेनाची केबल, फाटकाच्या बेलची वायर. कॅमेऱ्यांना कॅपच. बाबांनी शेजारच्या काकांकडच्या खोक्यांतूनही त्या पिशव्या शोधून काढल्यात. त्यांचे कॅमेरे दिवाळीत करायचे ठरलेत.